तिला काय म्हणायचं बरं?

आपण सुशिक्षित माणसं. ‘तसल्या’ बाईविषयी बोलायची वेळ आलीच, तर एखादा गावरान शब्द तोंडातून निसटू देऊ नका. (‘तसली’ चालेल. एक भुवई उडवली की झालं.)

शब्दांची चणचण तुम्हाला भासणार नाही; या एका बाबतीत पूर्वजांनी हात आखडता घेतलेला नाही. इतिहासावर बोलत असाल तर ‘गणिका’ म्हणा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गणिकाध्यक्ष नावाचा सरकारी अधिकारी आहे, हे ठोकून द्या. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी कान्होपात्रा संत झाली, हे सांगताना डोळे ओले करायलाही हरकत नाही. ती होऊन शतकं लोटली; तुमच्या सोसायटीत भाड्याने खोली मागायला काही येत नाही.

‘कसबीण’ जपून वापरा. कसब म्हणजे हुन्नर. पुरुषाला कसबी कारागीर म्हटलं तर तो मजुरी वाढवून मागेल. धंद्याचंही तेच. ‘आपला काय धंदा?’ असं अनोळखी गृहस्थाला खुशाल विचारा. ‘ती धंदा करते’ म्हणताना मात्र आवाज खाली आणा आणि आसपास मुलं नाहीत ना, ते पाहा. ‘रांड’ तर नकोच. हा शब्द विधवेलाही लावत. एका कुणा पुरुषाच्या नावावर नोंद नसलेली बाई, एवढाच त्याचा हिशेब. दोघींना एकाच शब्दात बसवून भाषेने काटकसर साधली.

बातमी लिहायची असेल तर ‘देहविक्रय’ उत्तम. विकलेला देह सकाळी तिच्याच अंगावर कसा, असं कुणी विचारत नाही. छापा पडला की ‘महिलांची सुटका’ असा मथळा द्या. सुटकेनंतर त्यांची रवानगी सुधारगृहात होते आणि बाहेरून कुलूप लागतं, पण तेवढी जागा मथळ्यात नसते. फोटोत ओढणीने तोंड झाकलेल्या बायका घ्या, गिऱ्हाईक चौकटीबाहेर ठेवा.

अद्ययावत राहायचं असेल तर ‘सेक्स वर्कर’ म्हणा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या पुस्तिकेने न्यायाधीशांना हाच शब्द सुचवला होता. मग काही संस्थांनी हरकत घेतली, की यातून ती राजीखुशीने आली असा अर्थ निघतो. म्हणून त्याच वर्षी त्या जागी तस्करीची पीडिता, व्यावसायिक लैंगिक शोषणात ढकललेली स्त्री, अशी लांबलचक नावं सुचवली गेली. पाठ करून ठेवा, चर्चासत्रात उपयोगी पडतील. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचा, पोलिसांच्या भाषेत ‘पिटा’चा, विषय मात्र काढू नका. त्यात तिचं काम हा मुळात गुन्हा नाही. पण तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा अठरा वर्षांवरचा कुणीही गुन्हेगार ठरू शकतो. म्हणजे कॉलेजात गेलेला तिचा मुलगासुद्धा. त्याच्या आईला कोणत्या सन्मानपूर्वक शब्दाने संबोधायचं, यावर आपण सवडीने परिसंवाद घेऊ.

काही बायका या नामकरणात फार अडथळा आणतात. सांगलीच्या बायकांनी 1996 मध्ये संघटना काढली आणि नाव ठेवलं ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. आपण इतक्या कष्टाने हद्दपार केलेला शब्द त्यांनी थेट पाटीवर लावला! वर ‘अन्याय’ही घातला. असल्या ठिकाणी ‘तुम्हाला काय म्हणू?’ असं विचारायला जाऊ नका. उत्तर मिळेल, आणि त्यापाठोपाठ रेशनकार्डाचा, पोरांच्या दाखल्याचा विषय निघेल.

राहता राहिला गिऱ्हाईक. त्याच्यासाठी नवा शब्द शोधायची तसदी घेऊ नका. वाण्याच्या दुकानातला तोच शब्द इतकी वर्षं चालतोय, त्याने कधी कुरकुर केलेली नाही. फारच राग आला तर ‘आंबटशौकीन’ म्हणा. तो हसून घेईल.