पाणी उडालं, ताई

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. "आमची बाई बाळंतपणाला गेलीय, अजून पंधरा दिवस तरी जमणार नाही म्हणते. कुणाकडे बदली बाई आहे का?" खाली एका गृहस्थांचं उत्तर, "सरकार पैसे देतंय ना बाळंतपणाचे, मग कशाला येतील लवकर!" त्यावर सतरा जण खदाखदा हसले. सतरा. मी मोजले.

तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा खोडलं. म्हणून इथे लिहितेय. इथली माणसं तरी आपली आहेत.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे धुणंभांडी करणारी बाळंत झाली आणि बाविसाव्या दिवशी दारात हजर. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. सिंक भरलेलं होतं. ती गुपचूप भांड्यांना लागली. थोड्या वेळाने समोरच्या फ्लॅटमधलं तान्हं रडायला लागलं. मी डबा द्यायला आत गेले तर तिचा ब्लाउज पुढून ओला, दोन्ही बाजूंनी. माझी नजर गेलेली बघून तिने पदर ओढून घेतला. म्हणाली, "पाणी उडालं, ताई."

पाणी नव्हतं ते. लेकरू कुणाचंही रडो, ओल्या बाळंतिणीला पान्हा फुटतो. मीही आई आहे, मला कळत नाही का? तिचं बाळ त्या वेळी वस्तीत, सात वर्षांच्या बहिणीच्या मांडीवर. वाटीचमच्याने वरचं दूध पीत.

आणि मी? मला 26 आठवडे भरपगारी रजा होती. 2017 ला कायदा बदलला, 12 चे 26 झाले, त्याचा फायदा मी पुरेपूर घेतला. आईने सव्वा महिना गार पाण्याला हात लावू दिला नाही. शेक, धुरी, कानाला फडकं, डिंकाचे लाडू. वैतागायचे मी! तो कायदा दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लागू होतो. माझ्या स्वयंपाकघरात कामाला माणूस एकच.

आता त्या सरकारी पैशांचं ऐकाच. केंद्र सरकारच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5000. दुसऱ्याला 6000, पण ते दुसरं बाळ मुलगी असलं तरच. हिचं दुसरं बाळ मुलगा. संपलं! मुलींचं स्वागत व्हावं हा हेतू, चांगला आहे, मान्य. पण मुलगा झाला की टाके दुखत नाहीत का? तिच्या हातात आले ते जननी सुरक्षा या दुसऱ्या सरकारी योजनेचे 600. बाळंतपणाचे सहाशे रुपये, आणि त्यावर सतरा जण हसतात. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात सरकारी नोकरीवाल्या वगैरे सोडून प्रत्येक गरोदर आणि स्तनदा आईला किमान 6000 लिहिलेत. तमिळनाडू पोषण किट धरून 18,000 देतं. त्यांच्याकडे काय पैशांचं झाड आहे?

घरेलू कामगारांसाठी आपल्या राज्यात 2008 चा कायदा आहे, कल्याणकारी मंडळ आहे. तिला विचारलं, मंडळात नाव घातलंस का? म्हणाली, "कुठलं मंडळ? गणपतीचं?"

हो, बाळंतपणात आया दगावण्याचं प्रमाण आपल्या महाराष्ट्रात खूप कमी झालंय. 2018-20 च्या आकड्यांत लाख जन्मांमागे 33, केरळच्या खालोखाल. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट होतं. आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा बाळ बघायला घरी येतात, आणि घरी जाऊन तान्ह्या बाळाची काळजी घ्यायची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत राणी आणि अभय बंगांनी उभी केली. सगळं खरं. पण आशाताई येते तेव्हा आई घरी तर हवी! ती माझी कढई घासत होती.

राग याचा येतो की हे कुणाला सुचलंच नव्हतं असंही नाही. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यांतल्या बायकांच्या बाळंतपणाचं विधेयक आलं होतं. बाबासाहेब तेव्हा बोलले, की आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. 1929 ला मुंबई प्रांताने कायदा केला, देशातला पहिला. आता गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले, आणि टॉवरमध्ये भांडी घासणारीला 1929 च्या गिरणीवालीइतकंही नाही.

लाडक्या बहिणींच्या खात्यात महिन्याला 1500 टाकायची यंत्रणा काही महिन्यांत उभी राहिली. म्हणजे द्यायचे ठरवले की पोचतात. मग बाळंतिणीला सहा महिने किमान वेतनाइतके पैसे, थेट तिच्या खात्यात, पहिलं-दुसरं आणि मुलगा-मुलगी न विचारता, हे का नाही? नवरा काढून घेईल म्हणता? घेईल एखादा. म्हणून बाकीच्या सगळ्यांचे बुडवायचे?

जरा जास्तच तापलेय, कळतंय मला. ग्रुपवर बदली बाई मागणाऱ्या काकू वाईट नाहीत हो. गुडघे गेलेत त्यांचे, घरात अंथरुणाला खिळलेली सासू आहे. आणि मी कुठल्या तोंडाने बोलणार? बाळंत झाल्याचा फोन आला तेव्हा काय झालं, कशी आहेस, हे दोन प्रश्न विचारून मी लगेच विचारलं होतं, "मग कधीपासून येशील?"

तिचे खाडे मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडते. तेव्हाही रोज फुली मारत होते, सवयीने. महिनाअखेरीला फुल्या मोजल्या आणि तेवढे पैसे कापले. तिने नोटा न मोजताच पिशवीत टाकल्या आणि चपला पायात सरकवल्या. बाळाची प्यायची वेळ झाली होती.