ब्रेक ऑइल कुठेही ‘मुरत’ नाही

जुन्या टर्बो गाड्यांच्या मालकांमध्ये एक लांबलचक संदेश फॉरवर्ड होत फिरतोय. त्याचा सारांश असा: जुन्या गाडीत ब्रेक ऑइल थोडंफार मुरतंच. गाडीखाली थेंब नसेल तर गळती नाही, पॅड झिजल्यामुळे पातळी उतरते. खरंच गळत असेल तर ब्रेक ऑइलच्या टाकीत थोडं पॉवर स्टिअरिंग ऑइल टाका, सील (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्या) फुगून घट्ट बसतात. पुढच्या वेळी डॉट ५ भरा (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रतवारी). पाइप गंजला असेल तर तेवढा तुकडा कापून तांब्याची नळी जोडा. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबताच ऑइलवर दाब देणारा मुख्य सिलिंडर, गेला तर नवा न घेता नव्या सीलांचं किट टाका. आणि पाइपांतली हवा काढून पेडल कडक लागलं की खुशाल घाटात न्या.

यातला एक सल्ला अर्धा खरा आहे. एक असा आहे की त्यापायी ब्रेकची अख्खी यंत्रणा भंगारात काढावी लागेल.

हवेत बोलण्यापेक्षा एक गाडी समोर ठेवू. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, भारतात २००४ साली आलेली, तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक. वीस वर्षं उलटली, गाडी हौशी माणसाच्या हातात असली तरी ब्रेकमधलं रबर आणि पोलादी पाइप बहुतेक वेळा मूळचेच असतात. याच पायावर बेतलेल्या त्या काळच्या फोक्सवॅगन गोल्फला आणि इतर भावंडांनाही खालचं जवळजवळ सगळं लागू पडतं.

“थेंब नाही, म्हणजे गळती नाही”

इथे जरा थांबावं लागेल, कारण बाकीचे सगळे सल्ले याच समजुतीवर उभे आहेत. ब्रेकची यंत्रणा बंदिस्त आहे. टाकीतलं ऑइल जळत नाही आणि झाकणातून उडूनही जात नाही. पातळी उतरली तर दोनच कारणं: पॅड झिजले म्हणून ऑइल कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीत) उतरलं, किंवा ते बाहेर गेलं. बाहेर गेलेलं ऑइल फरशीवर दिसेलच असं मात्र नाही, आणि या गाडीत ते लपून बसायच्या जागा बऱ्याच आहेत.

पहिली जागा ब्रेकची नाहीच. या गाडीचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा आहे आणि त्याचं ऑइल ब्रेकच्याच टाकीतून येतं. क्लचच्या मास्टर सिलिंडरचं सील गेलं की ऑइल पेडलच्या दांड्यावरून केबिनमध्ये उतरतं आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या गालिच्यात शिरतं. म्हणून गालिचा उचला, खालचा फोम बोटांनी दाबून पाहा. गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर (तो दाब घेऊन क्लच सोडवणारा) गळत असेल तर त्याच्या रबरी टोपीत ओल सापडते. क्लचची नळी टाकीला थोडी वरच्या बाजूला जोडलेली असते, जेणेकरून क्लच गळला तरी ब्रेकच्या वाट्याचं ऑइल खाली शिल्लक राहावं. त्यामुळे पातळी त्या नळीपर्यंत उतरून तिथेच थबकत असेल आणि गिअर टाकताना अडखळत असतील, तर चारही चाकं खोलण्याआधी क्लच बघावा. चाकं खोलून, चारही कॅलिपर पुसून, शेवटी क्लचपाशी पोचणारे फिटर कमी नाहीत, आणि त्या मजुरीचं बिल मालकच भरतो.

दुसरी जागा बूस्टर, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या मागचा तो मोठा काळा डबा. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळलं की ऑइल सरळ त्या डब्यात जातं. खाली थेंब पडत नाही. इंजिनच्या व्हॅक्यूममुळे त्यातलं थोडं कधी इंजिनातही ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. मग लोक टर्बोवर संशय घेतात! तपासायला दोन नट सोडायचे, पाइप न काढता मास्टर सिलिंडर हलकेच पुढे ओढायचा आणि टॉर्च मारून मागचा भाग पाहायचा. तो कोरडा असायला हवा. पांढरा टिश्यू फिरवून ओला निघाला तर निकाल लागला.

तिसरी जागा मागचे कॅलिपर. या गाडीत हँडब्रेकची यंत्रणा मागच्या कॅलिपरमध्येच बसवलेली आहे. हँडब्रेकची केबल ज्या लिव्हरला ओढते, त्या लिव्हरचा दांडा कॅलिपरच्या आत जातो आणि तिथे एक छोटं सील असतं. ते गेलं की ऑइल लिव्हरच्या मुळाशी पाझरतं, धूळ धरतं आणि ग्रीससारखं दिसतं. पॅड ढकलणाऱ्या पिस्टनवरची रबरी टोपी फाटून आत गंज चढला असेल तरी तसंच. थेंब पडायच्या आत ऑइल चाकाच्या आतल्या बाजूला पसरून वाळतं.

शिवाय मागच्या ॲक्सलपाशी जिथे पोलादी पाइप संपून रबरी होज सुरू होतो तो भाग, आणि प्लास्टिकच्या क्लिपांखालचा पाइप. मुंबई, अलिबाग, रत्नागिरीकडे वाढलेल्या गाड्यांत क्लिप उचलल्याशिवाय पाइपवर विश्वास ठेवू नये. उघडा पाइप पावसात धुतला जातो, वाऱ्यावर सुकतो. क्लिपखाली खारी ओल आणि माती अडकून बसते.

ओल सापडली तरी ती ब्रेक ऑइलचीच कशावरून? सोपी कसोटी आहे: साधं पाणी. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकोल जातीची ऑइलं पाण्यात मिसळतात. इंजिन ऑइल मिसळत नाही, तवंग धरतं. बोटावरचा डाग साध्या पाण्याने सहज निघाला तर तो ब्रेक ऑइलचा असण्याची शक्यता मोठी. मग ती जागा धुऊन, वाळवून वर टाल्कम पावडर भुरभुरवायची, इंजिन चालू ठेवून दुसऱ्या माणसाला पेडल दाबून धरायला सांगायचं. पावडर जिथे भिजते तिथे गळती.

“पॅड झिजले की पातळी उतरते”

हा तो अर्धा खरा सल्ला. उतरते, पण किती आणि केवढ्या काळात, ते गणितानेच पाहू. पुढच्या कॅलिपरचा पिस्टन ५४ मिलिमीटर व्यासाचा धरा, म्हणजे क्षेत्रफळ साधारण २३ चौरस सेंटिमीटर. एका चाकाचे आतला-बाहेरचा पॅड मिळून १५ मिलिमीटर झिजले तर पिस्टन तेवढाच पुढे सरकतो आणि त्याच्यामागे सुमारे ३४ मिलिलिटर ऑइल जातं. दोन्ही पुढची चाकं मिळून ७० मिलिलिटरच्या आसपास. हे सगळं पॅडच्या पूर्ण आयुष्यात, म्हणजे हजारो किलोमीटरमध्ये. दर महिन्याला चमचाभर भरावं लागत असेल तर पॅडचं नाव घेऊ नये.

उलट, पॅड झिजल्यामुळे उतरलेली पातळी वरच्यावर भरत राहिलात तर नवीन पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलला की टाकी ओसंडते, आणि ग्लायकोल ऑइल गाडीचा रंग सोलतं.

“पॉवर स्टिअरिंग ऑइल टाका, सील फुगतात”

फुगतात, यात शंका नाही. तिथेच तर घात आहे.

या ब्रेकची सीलं ईपीडीएम नावाच्या रबराची असतात. हे रबर ग्लायकोलमध्ये वर्षानुवर्षं टिकतं, पण खनिज तेल लागलं की ते शोषून फुगतं आणि मऊ पडतं. पॉवर स्टिअरिंगचं, गिअरबॉक्सचं, इंजिनचं ऑइल, डिझेल, रॉकेल, सगळं यातच आलं. हवं तेवढं फुगून थांबावं, असं काही या रबराला कळत नाही. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असतं. पेडल सोडलं की त्या वाटेने दाब टाकीत परततो. फुगलेलं सील ते छिद्र झाकून टाकतं. मग पेडल सोडूनही ब्रेक सुटत नाहीत, डिस्क तापते, ऑइल उकळायला लागतं. गळती थांबल्यासारखी वाटते ती या अवस्थेच्या अलीकडचे काही दिवस.

एकदा खनिज तेल आत गेलं की नुसतं ऑइल बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडर, चारही कॅलिपरची सीलं, सगळे होज, क्लचचे दोन्ही सिलिंडर, आणि एबीएसचं (ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचं) युनिटसुद्धा, कारण त्याच्या आतही हेच रबर आहे. वापरलेली गाडी घेताना टाकीच्या झाकणातलं रबर काढून पाहा. ते फुगून वेडंवाकडं झालं असेल आणि परत नीट बसत नसेल, तर आधीच्या कुणीतरी हा प्रयोग केलेला आहे.

फार जुन्या काळी ब्रेकच्या द्रवात एरंडेल असायचं, तेव्हाचं रबरही वेगळं होतं. काही बुजुर्ग मिस्त्रींच्या सल्ल्याचं मूळ तिथे असावं. पण त्याच सवयीने कॅलिपरचे भाग आजही पेट्रोल किंवा रॉकेलच्या ट्रेमध्ये धुतले जातात. तसं करू देऊ नका. ताजं ब्रेक ऑइल किंवा ब्रेक क्लीनर, एवढंच.

“स्पोर्टी गाडीला डॉट ५”

आकडा मोठा म्हणून माल भारी, हा हिशेब इथे चुकतो. डॉट ५ सिलिकोनचं असतं आणि ग्लायकोलमध्ये मिसळत नाही. ओलावा शोषत नाही हे त्याचं कौतुक, पण त्यामुळेच आत शिरलेलं पाणी थेंबांच्या रूपात सर्वांत खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये साचतं. तिथे गंज चढतो आणि डिस्क तापली की त्या पाण्याची वाफ होते. या ऑइलात हवेचे बारीक बुडबुडेही अडकून राहतात, म्हणून एबीएसच्या गाडीत ते घालत नाहीत. जास्त उष्णता सोसणारं हवं असेल तर डॉट ५.१ वेगळं असतं, ते ग्लायकोलचंच आहे. कोरड्या अवस्थेत उत्कलनबिंदू किमान २६० अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०. ओलावा मुरल्यावर हेच १८० आणि १५५ वर येतात. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना कोणता डॉट आहे यापेक्षा तो दोन वर्षांत बदलला आहे का, याने जास्त फरक पडतो.

“तेवढा तुकडा कापून तांब्याची नळी जोडा”

फ्रिजवाल्याच्या नळीने आणि रिंग दाबून केलेल्या जोडाने? नको. जोरात ब्रेक मारला की या पाइपात १०० बारच्या, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे शंभरपटीच्या, पुढे दाब जातो. पाइप गंजला असेल तर एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत पूर्ण बदलायचा, पोलादी किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा. या गाडीत पाइपच्या टोकाला बुडबुड्यासारखा गोल फुगवटा असतो आणि नटाचे आटे एम १० बाय १ चे. बऱ्याच दुकानांत असलेलं हत्यार दुहेरी दुमडीचं, शंकूच्या आकाराचं टोक काढतं. ते या गाडीतल्या जोडाच्या सीटवर, म्हणजे टोक टेकतं त्या खाचेत, नीट बसत नाही, मग गळू नये म्हणून नट आणखी आवळला जातो आणि सीटच खराब होते. आणि होजच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे. पॅडचं काम झाल्यावर लगेच सुरू झालेल्या गळतीत हे वॉशर पहिल्यांदा बघावेत.

“पेडल कडक लागलं की काम झालं”

पंप करून कडक झालेलं पेडल फारसं काही सिद्ध करत नाही. इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने मिनिटभर एकसारखं दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरमधलं सील आतल्या आत दाब सोडतंय. ही गळती टाकीच्या पातळीवर कधीच दिसत नाही.

हवा काढण्याच्या रीतीनेही कधीकधी हेच दुखणं ओढवतं. रोजच्या वापरात पेडल अर्ध्यावर थांबतं, सिलिंडरचा पुढचा भाग न वापरता खरखरीत झालेला असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की वीस वर्षांचं सील त्या खरखरीत भागावरून घासतं आणि फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, किंवा टाकीवर साधारण एक बार दाब देणारं ब्लीडर (हवा काढायचं हत्यार) वापरा. टाकी कोरडी पडून एबीएसच्या युनिटात हवा गेली असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून त्या युनिटाचा पंप चालवावा लागतो. नुसत्या पेडलने ती हवा पूर्ण निघेलच असं नाही.

मास्टर सिलिंडरला किट टाकायचं की नवा घ्यायचा, यावर संदेश किटच्या बाजूने आहे. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तर ठीक. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून कडक थर दिलेला असतो. लेथवाल्याने घासून ‘साफ’ केला की तो थर जातो आणि नवं सील काही महिन्यांत खराब होतं. भिंतीवर खड्डे असतील तर नवाच घ्या.

काम झाल्यावर टाकीच्या बाहेर पातळीच्या रेषेवर टेपची पट्टी लावा, आधी ओली असलेली जागा पाण्याने धुऊन कोरडी करा, आणि आठवडाभर गाडी चालवून दोन्ही पुन्हा पाहा.