फरक परत देतील ना?

सकाळपासून डोकं तापलंय. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा फोन बाजूला ठेवला. पण लिहिल्याशिवाय आज झोप लागायची नाही.

झालं असं. येत्या शुक्रवारी मी आणि आई इंदूरहून पुण्याला जातोय. मोठ्या मावशीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आई 74 वर्षांची, दोन्ही गुडघ्यांनी हैराण, आणि जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार आहे. तिकिटं काढून 11 दिवस झाले. आज रविवार, पोहे खाता खाता निघायची वेळ पुन्हा एकदा बघावी म्हणून ॲप उघडलं. तेच विमान, तीच तारीख, तीच वेळ. भाडं 4,310 रुपये. आम्ही काढलं तेव्हा 6,940 होतं. माणशी 2,630 कमी, दोघींचे मिळून 5,260.

माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं. आईने विचारलं काय झालं, आणि मी सांगून बसले. तिने कप खाली ठेवला आणि अगदी सहज विचारलं, "मग वरचे पैसे परत देतील ना ते?"

मला उत्तर देता आलं नाही.

हे पैसे माझे असते तर कदाचित एवढं लागलं नसतं. पण दोन्ही तिकिटं आईने काढली आहेत. बाबांच्या मागे तिला जी फॅमिली पेन्शन मिळते, त्यातून बाजूला ठेवलेल्या पैशांतून. मी देते म्हटलं तर म्हणाली, "अक्काकडे मी माझ्या पैशांनी जाणार. तू सोबत येतेयस, तर तुझंही मीच काढणार." रामबागेतल्या घरात तिची एक निळी डायरी आहे, त्यात दुधापासून लाइट बिलापर्यंत सगळं लिहिलेलं असतं. बाबा होते तेव्हापासूनची सवय. त्या डायरीत 13,880 ही रक्कम लिहिताना तिचा हात जरा थांबला होता. मी पाहिलंय.

आणि घाई मी केली होती. हेच मला खातंय. आई म्हणत होती, दोन दिवस थांबू, रेल्वेचं वेटिंग हलतंय का बघू. पण स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं, "या दरात शेवटच्या 2 जागा". दोनच जागा, आणि आम्ही दोघीच. मी म्हटलं, आई, आत्ता नाही काढलं तर उद्या दहा हजार होतील. तिने कपाटातून पाकीट आणून माझ्या हातात ठेवलं.

आता कळतंय की त्या दोन जागा विमानातल्या नव्हत्याच. एका विमानात एकाच प्रकारच्या खुर्च्यांचे दहा-बारा दर असतात, प्रत्येक दराला इंग्रजी अक्षराचा एक कोड असतो, आणि एका दरातल्या जागा संपल्या की कॉम्प्युटर पुढचा दर उघडतो. विक्री मंदावली की खालचा दर पुन्हा उघडतो. शेजारच्या कंपनीने भाव पाडले तरी उघडतो. म्हणजे "शेवटच्या 2 जागा" म्हणजे त्या घडीला त्या दराच्या दोन जागा. बाकीचं विमान रिकामं असलं तरी. हे त्या लाल अक्षरांच्या खाली बारीक अक्षरांत तरी लिहायला नको का? 74 वर्षांची बाई त्या अक्षरांवर विश्वास ठेवून पाकीट आणते, आणि तिकडे ती जागा अकरा दिवसांनी पुन्हा दुकानात मांडलेली असते, अडीच हजारांनी स्वस्त.

मी विमान कंपनीला फोन लावला. पंचवीस मिनिटं ती ट्यून ऐकली. मग एक मुलगी आली, आवाजावरून विशी-बाविशीची. म्हणाली, "मैम, फेयर डायनामिक होते हैं, इसमें हम कुछ नहीं कर सकते." मी विचारलं, रद्द करून नवीन काढलं तर? तिने हिशेब सांगितला. रद्द करायचे माणशी 3,999. म्हणजे माझ्या 6,940 मधले 2,941 परत येणार आणि त्याच विमानाच्या त्याच खुर्चीसाठी मी 4,310 भरणार. स्वस्त झालेलं तिकीट घ्यायला मला माणशी 1,369 रुपये वरून घालावे लागणार! मी तिला दोनदा विचारलं, मी नीट ऐकलं ना? तिने दोन्ही वेळा हो म्हटलं. तिच्यावर मी ओरडले. नंतर वाईट वाटलं, तिने थोडाच तो दर ठरवलाय. पण ज्याने ठरवलाय त्याचा नंबर कुठे असतो?

रेल्वेला आपण सगळे शिव्या घालतो, मीही घालते. पण रेल्वेचं थ्री एसीचं कन्फर्म तिकीट बरंच आधी रद्द केलं तर माणशी 180 रुपये नि वर जीएसटी कापतात, बाकीचे परत. इथे 3,999. खुर्ची तर त्यांच्याकडे परत जातेच ना, ते ती पुन्हा विकतातच ना? मग हा दंड कसला?

कायदा माहीत असलेले मित्र लगेच सांगतील, म्हणून मीच लिहिते. हो, 1937 च्या विमान नियमावलीत नियम 135 आहे आणि त्याप्रमाणे भाडं कंपन्याच ठरवतात. हो, बुकिंग केल्यावर 48 तासांत, उड्डाण किमान 7 दिवस लांब असेल तर, फुकट रद्द करता येतं. पण भाव 48 तासांत उतरत नाहीत हो! आमचा अकराव्या दिवशी उतरला. आणि हो, रद्द करायचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही, कर आणि विमानतळाचे शुल्क परत द्यावेच लागतात, तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी. हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते पैसे सोडून देतात.

माझा भाऊ म्हणाला, "ताई, भाव वाढला असता तर तू वरचे पैसे त्यांना दिले असतेस का?" नसते दिले. मान्य. हा मुद्दा त्याचा खरा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मग त्यांनीही लाल अक्षरं दाखवून भीती घालू नये. भाव ठरवणारे ते, वाढवणारे ते, उतरवणारे ते, दंड ठरवणारेही ते. आपल्या हातात फक्त "पे नाऊ".

आईला हे मी समजावत होते तेव्हा ती म्हणाली, "क्लॉथ मार्केटात असं नव्हतं." माझ्या लग्नाच्या वेळी, 1998 साली, तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधल्या एका दुकानात तिने पाच माहेश्वरी साड्या बयाणा देऊन ठेवल्या होत्या. महिन्याने न्यायला गेली तर त्या दुकानदाराने आपणहून सांगितलं, माँजी, भाव उतरलाय, आणि नव्या भावाने बिल केलं. आईचा विश्वास तिथला आहे. तिला वाटतं दुकान मोठं असेल तर मालक जास्तच सरळ असेल. तुम्ही हसू नका. आपल्या सगळ्यांच्या घरात अशी एक आई आहे.

मी जास्त काही मागत नाहीये. रोख परत नका देऊ. भाव उतरला आणि प्रवास अजून व्हायचाय, तर फरक पुढच्या तिकिटासाठी खात्यात जमा करा, बास. जगात कुठे होत नाही असं नाही. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी 2020 मध्ये देशांतर्गत प्रवासाच्या नेहमीच्या तिकिटांवरचं बदलशुल्क काढून टाकलं. अगदी स्वस्तातली बेसिक तिकिटं सोडली तर तिथला माणूस भाव उतरल्यावर तेच विमान नव्या दराने घेतो आणि फरक त्याच्या नावावर जमा होतो. त्यांच्या कंपन्या काही बुडाल्या नाहीत त्याने.

आणि सरकारला करता येत नाही असंही कोणी सांगू नका. लॉकडाउननंतर मे 2020 मध्ये विमानं सुरू झाली तेव्हा किमान आणि कमाल भाडं सरकारनेच ठरवलं होतं, ते ऑगस्ट 2022 पर्यंत चाललं. डिसेंबर 2025 मध्ये देशभर विमानं धडाधड रद्द झाली, भाडी आभाळाला भिडली, तेव्हा काही दिवसांतच मर्यादा आली, 500 किलोमीटरपर्यंत 7,500, त्यापुढे टप्प्याटप्प्याने 18,000 पर्यंत. म्हणजे मनात आलं की होतं. फक्त त्यासाठी आधी विमानतळावर माणसं जमिनीवर झोपलेली टीव्हीवर दिसावी लागतात. एकट्या आईच्या डायरीतल्या 5,260 रुपयांसाठी कोण नियम बदलणार?

विमान चालवणं महाग आहे, इंधन महाग आहे, रिकामी उडालेली खुर्ची पुन्हा विकता येत नाही, हे सगळं ठाऊक आहे मला. जेट बंद पडली, गो फर्स्ट बंद पडली, तेही ठाऊक आहे. पण राहिलेल्या दोन मोठ्या घरांच्या हातात जवळजवळ सगळं आकाश आहे, आणि इंदूरहून पुण्याला जायला दिवसाला मोजकीच विमानं. मग आपण जायचं कुठे? रात्रभराच्या स्लीपर बसने? त्या वरच्या बर्थवर माझी आई चढू शकत नाही.

हे लिहिता लिहिता संध्याकाळ झाली. राग जरा उतरलाय. मगाशी रामबागेत जाऊन आले. आईची बॅग भरून तयार आहे, पाच दिवस आधीच. मावशीसाठी दोन किलो लौंगी सेव (लवंगेची शेव), चांदीचं निरांजन, आणि स्वतःची जुनी माहेश्वरी, त्या पाचांतली एक. मला विचारत होती की सेव वजनात धरतात का. मी सांगितलं, मोठ्या बॅगेत 15 किलो चालतं, काळजी करू नको. मग विचारलं की खिडकीची जागा आहे ना. आहे, तीही वेगळे पैसे भरून घेतलीय, पण ते मी तिला सांगितलं नाही. वरून आपली इंदूरच्या विमानतळाजवळची बिजासनची टेकरी दिसते का, हे तिला बघायचंय. बाबा तिला लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला तिथेच घेऊन गेले होते, आणि तिथून उडणारी विमानं दाखवून म्हणाले होते, एक दिवस बसू.

निळी डायरी टेबलावर उघडी होती. 13,880 च्या समोर, येणे बाजूला, तिने लिहून ठेवलंय: विमानवाले, 5,260. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू अर्ज कर. मागितलं तर देतील." मी हो म्हटलं.

तर आत्ता सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकलीय, दोन्ही दरांच्या स्क्रीनशॉटसकट. कुणाला असा फरक कधी परत मिळाला असेल तर कसा मिळवला ते खाली लिहा, मी सगळं वाचतेय. आणि पुण्यातल्या मंडळींनी शुक्रवारी सकाळी विमानतळावर व्हीलचेअर कुठल्या दाराशी मिळते तेवढं कृपया सांगा.