धण्याचे पाणी

परवाच्या भरीत पार्टीपासून यावल तालुक्यातल्या माझ्या सासुरवाडीत माझ्या प्रकृतीची जी चौकशी चालली आहे, तिला पुण्याहून आलेला मेहुणा आणि त्याने आणलेले बीअरचे चार कॅन जबाबदार आहेत. ही बीअर व्हाइट आयपीए नावाची, म्हणजे संकरित होती. बेल्जियमच्या विटबीअर या गव्हाच्या बीअरमधले गहू, धणे आणि संत्र्याची वाळलेली साल एकीकडून घ्यायची, हॉप्सच्या फुलांचा आयपीएतला, म्हणजे इंडिया पेल एल या कडू बीअरमधला, सणसणीत कडूपणा दुसरीकडून घ्यायचा आणि दोघांचा संसार एका पिंपात मांडायचा, असा हा प्रकार आहे. मी काही वर्षे पुण्यात काढली असल्याने चव सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

शेतात पऱ्हाट्यांवर हिरवी वांगी भाजली जात होती आणि त्या जाळापाशी माझे चुलत सासरे नाना बसले होते. मी पहिला घोट घेतला, तो तोंडात घोळवला आणि जाणकाराच्या आवाजात म्हणालो, "धण्याचा सुगंध आहे."

नानांच्या हातातली काडी थांबली. "धने? बीअरमधी?"

"हो नाना, विटबीअरमध्ये घालतातच."

"मंग फोडनी कोनी देली?"

हसणे ओसरेपर्यंत मी थांबलो आणि मग, गप्प बसण्याचे शहाणपण न दाखवता, इतिहास सांगायला लागलो. बेल्जियममधल्या हूगार्डन गावातली विटबीअर १९५० च्या दशकात बंद पडली होती आणि पुढच्या दशकात पिअर सेलिस नावाच्या दूधवाल्याने ती पुन्हा सुरू केली, एवढे ऐकल्यावर नाना समाधानाने मागे रेलले. "दूधवाल्यानं काढली म्हना ना. मंग पानी असनारच."

जावयाला उलट बोलता येत नाही. मानाच्या पाटावर बसवलेला माणूस पाटावरून उठू शकत नाही, ही जावईपणाची खरी अडचण आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. तरीही मी कळण्याचा दाखला दिला. ज्वारी आणि उडीद एकत्र दळूनच कळणा होतो, मग मिश्रणाचे एवढे वावडे कशाला, असे मी नम्रपणे विचारले. नानांनी माझ्या हातातला स्टीलचा पेला घेतला, एक मोठा घोट गिळला आणि म्हणाले, "पाहुणे, कळन्यात ज्वारीबी लागते अन् उडीदबी लागतो. यात कारलं लागलं. धने दाखवा."

मला राग आला तो याचा, की ते बरोबर होते. हॉप्सच्या कडूपणाखाली धणे पार गाडले गेले होते आणि मी जो सुगंध जाहीर केला, तो कॅनवर वाचून केला होता. पण मेहुण्याने कौतुकाने आणलेल्या महागड्या वस्तूला नावे कशी ठेवणार? मी "छान आहे" म्हणालो. वांग्याच्या धुरकट वासाबरोबर दुसरा घोट कदाचित जमलाही असता. तो मला मिळाला नाही, कारण पेला परत आलाच नाही. कारल्याची तक्रार करणाऱ्या नानांनी तो तळापर्यंत संपवला आणि वर निकाल दिला, "हे त धन्याचं पानी हाये. उन्हाळी लागली की माय द्यायची. पाहुन्यांना उन्हाळी लागली आसंल."

महाराष्ट्रात मद्य पिण्याचा परवाना १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आरोग्याच्या जतनासाठी दिला जातो, त्यामुळे नानांचे निदान कायद्याला धरून होते, असे फार तर म्हणता येईल. पण ऐन थंडीत उन्हाळी लागलेला जावई ही बातमी माझ्या आधी घरी पोहोचली. येताना पारावर दोघांनी लघवीची जळजळ थांबली का, असे मोठ्याने आणि अगदी मनापासून विचारले.

सकाळी सासूबाईंनी चहाऐवजी तांब्याभर पाणी समोर ठेवले. "नानांनी सांगितलं. लाजायचं नाही, सगळं प्या." मी प्यालो. त्यात धणे स्पष्ट लागत होते.