फिल्टर मोठा केला की नॉइज गेला?

पॉवर सप्लाय बनवणाऱ्यांत एक सल्ला हातोहात फिरतो: "ईएमआय टेस्टला, म्हणजे सर्किट बाहेर किती विद्युत गोंगाट सोडतं त्या चाचणीला, फेल झालात? इनपुटला एलसी फिल्टर (कॉइल आणि कपॅसिटरची जोडी) टाका. जितका मोठा तितका चांगला, आणि टाकून बिघडतंय काय?"

शेवटापासून सुरुवात करतो, कारण बिघडतं तिथेच. रेग्युलेटेड कन्व्हर्टर, म्हणजे पॉवर सप्लायचा व्होल्टेज बदलून स्थिर ठेवणारा भाग, आउटपुटची पॉवर कायम राखतो. इनपुट व्होल्टेज घसरलं की तो करंट जास्त ओढतो, म्हणजे फिल्टरला तो उणे रेझिस्टन्स दिसतो. 12 व्होल्टवर 24 वॉट घेणारा कन्व्हर्टर म्हणजे उणे 6 ओम. त्याच्या आधी 10 मायक्रोहेन्री आणि 10 मायक्रोफॅरड सिरॅमिक ठेवा. दोघांचा मिळून रेझिस्टन्स 50 मिलिओम धरला, तर 16 किलोहर्ट्झच्या आसपास फिल्टरचा आउटपुट इम्पिडन्स (त्या फ्रिक्वेन्सीला होणारा एकूण विरोध) 20 ओमपर्यंत चढतो, त्या 6 ओमच्या कितीतरी वर. कंट्रोल लूप (आउटपुट पाहून कन्व्हर्टरला सावरणारं सर्किट) तेवढा वेगवान असेल तर ऑसिलेशन ठरलेलंच. हा इम्पिडन्स कन्व्हर्टरच्या इनपुट इम्पिडन्सच्या बराच खाली ठेवा, हे पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे संशोधक मिडलब्रुक यांनी 1976 मध्येच सांगून ठेवलंय.

माझ्या टेबलावर असाच एक बोर्ड आला होता. मल्टिमीटरवर आउटपुट ठणठणीत, पण इनपुट कपॅसिटरवर प्रोब टेकवला तर स्कोपवर झोके घेणारी साइन वेव्ह. ट्रेनी मुलगी म्हणाली, "सर, हा शिट्टी मारतोय." मला काही ऐकू येईना, ते वय गेलं. सिरॅमिकला समांतर 47 मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक लावला, ईएसआर (कपॅसिटरचा स्वतःचा अंतर्गत रेझिस्टन्स) अर्ध्या ओमच्या जरा वर, आणि शिट्टी बंद. एरवी आपण ईएसआरच्या नावाने बोटं मोडतो, इथे त्यानेच डॅम्पिंग केलं, म्हणजे झोके शमवले.

"जितका मोठा तितका चांगला" हेही अर्धंच खरं. 100 मायक्रोहेन्रीच्या कॉइलला वेढ्यांमधली 25 पिकोफॅरड कपॅसिटन्स असली, तरी 3 मेगाहर्ट्झनंतर ती कॉइल कपॅसिटरसारखी वागते, नॉइज अडवण्याऐवजी पुढे जाऊ देते. कंडक्टेड टेस्ट (तारांतून बाहेर जाणाऱ्या नॉइजची) मात्र 150 किलोहर्ट्झपासून 30 मेगाहर्ट्झपर्यंत चालते.

राहिलं "एलसी टाका". कुठल्या नॉइजसाठी? स्विच नोडवरून (जिथे व्होल्टेज सतत वरखाली उडतं तो बिंदू) चॅसिसमार्गे फिरणारा कॉमन मोड करंट दोन्ही तारांतून एकाच दिशेने जातो. एका तारेतल्या कॉइलचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. तिथे कॉमन मोड चोक, म्हणजे एकाच कोअरवर दोन्ही तारा गुंडाळलेली कॉइल, लागतो. ओळखायचं कसं? इनपुटच्या दोन्ही तारा एकत्र करंट प्रोबमधून घाला, म्हणजे उलट दिशांचे करंट एकमेकांना खोडतात. तरीही स्पेक्ट्रमवर तेच शिखर उभं असेल, तर ती कॉइल परत ड्रॉवरमध्ये ठेवा.