बाहुलीच्या कानात तेल नसतं

नवजात बाळांच्या कानांची तपासणी आरोग्यसेविका आणि आशाताईंनी मुंबईच्या वस्तीत जाऊन करावी, या कल्पनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. त्यासाठीचं ओएई यंत्र कानात बारीक आवाज सोडतं आणि आतल्या कानाचं उत्तर टिपतं. ते हातात मावतं. बाळ शांत झोपलेलं असलं तर एका कानाला बहुतेक वेळा मिनिटभरही लागत नाही, आणि पडद्यावर ‘पास’ किंवा ‘रेफर’ (म्हणजे पुन्हा तपासायला हवं) एवढंच येतं. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहेच, घरभेटीत जन्मदोष बघण्याचं कामही आशांकडे आहे. पण दुभंगलेला ओठ किंवा वाकडा पाय डोळ्याला दिसतो. बहिरेपणा दिसत नाही, त्याला यंत्रच लागतं.

माझं भांडण आहे ते प्रशिक्षणाच्या आखणीशी. सकाळी कानाच्या रचनेच्या स्लाइड, दुपारी बाहुलीच्या कानात प्रोब (यंत्राचा कानात बसवायचा भाग), संध्याकाळी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. बाहुली रडत नाही, तिच्या कानात तेल नसतं आणि तिची आजी शेजारी बसून प्रश्न विचारत नाही.

तेलापासूनच सुरुवात करू. मालिश करणारी बाई अंघोळीआधी कानात दोन थेंब सोडते. हे तेल प्रोबच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रांत गेलं की यंत्र पुढच्या प्रत्येक बाळाला ‘रेफर’ देत सुटतं. म्हणून सकाळी निघण्याआधी सेविकेने प्रोब स्वतःच्या कानात लावून बघावा. आपलं ऐकणं ठीक आहे आणि आधी पास यायचं, आज रेफर आलं, तर दोष प्रोबमध्ये आहे. सलग तीन-चार बाळं रेफर झाली तरी हाच संशय आधी घ्यायचा. आणि भेटीचा दिवस आधी कळवून ‘त्या सकाळी कानात तेल नको’ एवढं सांगितलं तर निम्मी डोकेदुखी जाते. बाळाच्या कानातलं तेल काडीने काढायचं नाही, आजीने कितीही आग्रह केला तरी.

प्रोब बसवणं हे खरं कसब. बाळाच्या कानाची पाळी हलकेच खाली आणि मागे ओढायची, म्हणजे नळी सरळ होते. टिप, म्हणजे प्रोबच्या टोकावरची मऊ टोपी, कान पूर्ण बंद करेल अशा मापाची घ्यायची. लहान टिप लावली की फट राहते आणि बाहेरचा आवाज आत शिरतो. जोर लावून घुसवली तर छिद्रं नळीच्या भिंतीला टेकतात आणि यंत्राला काहीच ऐकू येत नाही. टिप नीट बसली की हात काढून घ्यायचा, कारण हाताचा थरथराटही आवाजच असतो. वायर कुंचीला क्लिपने अडकवायची. बाळ दूध ओढत असताना तपासणी करू नये, चोखण्याचा आवाज थेट कानात येतो. आधी पाजावं, ढेकर काढावा, डोळा लागू द्यावा.

एका बैठकीत एका कानाला दोनच प्रयत्न, त्यापुढे नाही. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. पास येईपर्यंत बटण दाबत राहिलं तर कधी ना कधी योगायोगाने पास येतोच, आणि नेमकं कमी ऐकणारं मूल हातातून सुटतं. दुसरी चूक म्हणजे डाव्या-उजव्याचा घोळ. बाळाला कुशीवर वळवलं, पण यंत्रावर बाजू बदलली नाही, की दोन्ही नोंदी गोंधळतात.

आवाजाचं तर विचारू नका. पंखा, शेजारचा टीव्ही, कुकरची शिट्टी, खिडकीखालून जाणारी लोकल. १० बाय १२ च्या खोलीत शांतता मिळणार नाही हे धरूनच शिकवायला हवं: दारापासून लांबचा कोपरा, पंख्याचा झोत बाळावरून बाजूला, मिक्सर पाच मिनिटं बंद. माझ्या मते प्रत्येक सेविकेने निदान २५ खरी बाळं प्रशिक्षकासमोर तपासल्याशिवाय तिला एकटीला पाठवू नये.

आता वेळ. जगभर १-३-६ चा हिशेब मानतात: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. जन्मल्यावर पहिल्या दिवशी कानात चिकट थर आणि पाणी असतं, त्यामुळे खोटे रेफर भरपूर येतात. आणि घरी गेल्यावर बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. म्हणजे दवाखान्यात बोलावून पहिला महिना गाठणं अवघडच. आशांच्या घरभेटी मात्र ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. १४ वा दिवस पहिल्या तपासणीला उत्तम: पाणी गेलेलं, आई घरात, बाळ दिवसाचा बराच वेळ झोपलेलं. रेफर आलं तर २८ व्या दिवशी पुन्हा, दोन्ही कान. त्यातूनही राहिलं तर दीड महिन्याच्या लसीचा दिवस आहे, पण सुई टोचण्याआधी तपासा. नंतर तासभर शांतता विसरा.

मुंबईची आणखी एक अडचण म्हणजे माहेर. सातव्या महिन्यात सून रत्नागिरीला किंवा साताऱ्याला जाते आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर परत येते. रजिस्टरमध्ये माहेरचं गाव आणि तिथला फोन हा रकाना गरोदरपणातच भरलेला हवा.

‘रेफर’ आल्यावर काय बोलायचं, यावर प्रशिक्षणात अर्धा दिवस द्यावा. ‘बहिरं’ हा शब्द काढायचा नाही. ‘काही नाही हो, मशीनच तसं आहे’ हे त्याहून वाईट, कारण मग ती आई पुन्हा येतच नाही. सरळ सांगावं: “ताई, आज यंत्राला कानाकडून उत्तर मिळालं नाही. कानात पाणी असलं तरी असं होतं. दोन आठवड्यांनी पुन्हा बघू. तेव्हाही असंच आलं तर मोठी तपासणी करून घ्यायची.” मग आजी थाळी वाजवून दाखवणार, बाळ दचकणार. थाळीचा दणका इतका मोठा असतो की थोडंफार ऐकणारं मूलही दचकतं, पण बोलणं शिकायला हळू आवाजही पोचावे लागतात, हे तिला समजावता आलं पाहिजे. ‘याचा बापही उशिराच बोलला’ यालाही उत्तर तयार हवं.

पास म्हणजे कायमचा दाखला नव्हे. जास्तीची कावीळ झालेली किंवा पाच दिवसांहून जास्त एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) राहिलेली बाळं ओएईत पास होऊनही न ऐकणारी असू शकतात. आतला कान चालतो, पण पुढच्या नसेत बिघाड असतो आणि तो ओएईला पकडता येत नाही. म्हणून आधी डिस्चार्ज कार्ड वाचायचं आणि अशा बाळाला थेट बेरा तपासणीला पाठवायचं, तिच्यात आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते कळतं.

आणि इथेच साखळी तुटते. आठवड्याच्या बैठकीत ‘किती बाळं तपासली’ हा आकडा विचारतात. ‘रेफरपैकी किती जणांची बेरा झाली’ हे फारसं कोणी विचारत नाही, आणि त्या पाठपुराव्याचं वेगळं मानधनही ठरलेलं नसतं. गोवंडीच्या आईला बेरासाठी वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या श्रवणदोषांवरच्या संस्थेत जायचं तर वडाळ्याला गाडी बदलून वांद्रे, पुढे रिक्षा, घरातल्याची एका दिवसाची मजुरी बुडते. तीन महिन्यांच्या आत बेरा बहुतेक वेळा नैसर्गिक झोपेत होते, मूल मोठं झालं की झोपेचं औषध द्यावं लागतं. म्हणून निघतानाच सांगायचं: गाडीत बाळाला झोपू देऊ नका, तिथे पोचल्यावरच पाजा, जादा लंगोट घ्या आणि डिस्चार्ज कार्ड विसरू नका. पहिल्या खेपेला सेविका सोबत गेली तर उत्तम. तिचं तिकीट, रिक्षा आणि त्या दिवसाचं मानधन कार्यक्रमाच्या खर्चात सुरुवातीलाच धरा.