अनामिक, पाट्या कोण टाकतंय?

'दोन चेनरिंगसाठी चेन गाईड कसा निवडावा' या माझ्या लेखाखाली तुम्ही नाव न देता तीन गोष्टी लिहिल्यात. (चेनरिंग म्हणजे पेडलजवळची दातेरी चकती, गाईड म्हणजे चेन तिच्यावरून उतरू नये म्हणून लावायचं साधन.) क्लचचा डिरेलर (चेन ताणून धरणारा मागचा गिअर बदलणारा भाग) असताना गाईडवर पैसे घालवायचेच कशाला, स्पेसरचा, म्हणजे फट भरणाऱ्या कडीचा, आकडा चुकलाय, आणि शेवटी, "लेखकाने सायकल दगडांवर नेलेली दिसत नाही, घरात बसून पाट्या टाकल्यात."

स्पेसरचं आधी. चूक माझीच. ७३ मिलिमीटरच्या शेलला (फ्रेममधली, क्रँकचा आस बसतो ती नळी) शिमानोच्या बाहेर बसणाऱ्या बेअरिंगच्या कपांबरोबर उजवीकडे अडीच मिलिमीटरचा एकच स्पेसर लागतो. दोन लागतात ते ६८ च्या शेलला. बीबीवर (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे हीच बेअरिंगची जागा) बसणाऱ्या गाईडची पट्टी त्या एका स्पेसरच्या जागी जाते. लेखात दुरुस्त केलंय.

आता तुमचं शेवटचं वाक्य. साहेब, मी २००९ पासून पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सायकल घेऊन जातो. तेव्हा तीन चेनरिंगचा क्रँक होता. मोठी चकती काढून तिथे बॅशगार्ड (दगडांपासून वाचवणारं कडं) लावला आणि २२ व ३६ दातांच्या चकत्या ठेवल्या. त्याच पावसाळ्यात खाणीच्या बाजूने उतरताना चेन २२ वरून आत उतरली, चेनस्टेमध्ये (फ्रेमची मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) अडकली, आणि मी हँडलवरून पुढे. हनुवटीला चार टाके पडले. खूण अजून आहे, दाढीमुळे दिसत नाही एवढंच.

त्यानंतर गाईड घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "बसेल की." घरी येऊन पाहतो तर फ्रेमला जुन्या आयएससीजीची (गाईड बसवायच्या भोकांचं ठरलेलं माप) तीन भोकं आणि गाईड आयएससीजी-०५ चा, म्हणजे भोकांचं वर्तुळ मोठं. शेवटी दुसरा, बीबीवर बसणारा आणला. तो चालला, कारण माझा पुढचा डिरेलर सीटट्यूबला पट्ट्याने बांधलेला होता. ई-टाइप, म्हणजे बीबीवर प्लेटने बसणारा, असता तर त्याची प्लेटही त्याच जागेवर हक्क सांगत आली असती. लेखात 'भोकं मोजा, मग पाकीट काढा' असं लिहिलंय, ते या अनुभवावरून.

मग रोलर, गाईडचं चेनला खालून टेकणारं चाक. वर नेला की ३६ वर घरघर, खाली आणला की २२ वर चेन त्याला टेकतच नाही आणि हवी तशी आपटते. दोन रविवार तीन मिलिमीटरच्या आत खाली-वर करण्यात गेले. बायको म्हणाली, सायकल चालवायला घेतलीस की सोलायला? रोलर रुंद हवा, कारण चेनला त्याच्यावर आडवं सरकायचं असतं, हेही तेव्हाच कळलं. हे सगळं घरात बसून झालं म्हणता? बरं, सोलणं तेवढं घरातच झालं. पडलो मात्र बाहेर.

टीका करा, जरूर करा. पण ज्याच्या पायाला खडी लागलीय त्याला 'चप्पल तरी घातलीस का कधी' असं विचारू नये. आणि इतकं ठाम बोलायचं तर खाली नाव लिहायला हरकत नसावी.

क्लचबद्दल थोडक्यात. क्लच खालची चेन ताणून धरतो, मान्य. पण चेन धरून ठेवणाऱ्या एकाआड एक अरुंद-रुंद दातांची युक्ती एका चेनरिंगची. दोन असल्या की चेन एकीवरून दुसरीवर सोडता आली पाहिजे, म्हणून दात बुटके आणि बाजूला पिना. अशी चकती चेन धरून ठेवत नाही. शिवाय लेख मी जुन्या फ्रेमवाल्यांसाठी लिहिला होता, ज्यांच्याकडे क्लचचा डिरेलर नाही. तसं पहिल्या परिच्छेदात स्पष्ट म्हटलं नव्हतं, पण वाचणाऱ्याला कळायला हवं.

माझ्या दुसऱ्या सायकलला क्लच आहे आणि गाईड नाही, हे कुणी सांगण्याआधी मीच सांगतो. तिला पुढे एकच चेनरिंग आहे, तो विषय वेगळा.

तुमची कॉमेंट मी उडवलेली नाही. रविवारी सकाळी साडेसहाला वेताळ टेकडी एआरएआयच्या (वाहन संशोधन संस्थेच्या) बाजूने चढतो. या, रोलर बघा.